लिस्टमध्ये नाही

आमच्या बॉक्सिंग क्लबाचं रजिस्टर मी तेरा वर्षं लिहितोय. हजेरी, वजन, कोणाचं नाक कधी फुटलं, सगळं त्यात आहे. पण खऱ्या भानगडींसाठी त्यात रकानाच नाही. त्या मग टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या मागच्या सीटवर सांगितल्या जातात आणि दर वेळी एखादी नवी आठवते. त्यातही ज्या वर्षी आमच्याकडे डोपिंगची तपासणी येणार म्हणून पत्र आलं, त्या एका वर्षाचे किस्से बाकीच्या बारा वर्षांना पुरून उरतील. सांगतो. फक्त एक अट. मध्येच 'मग खरं काय होतं?' असं विचारायचं नाही. ते मलाही अजून नीट कळलेलं नाही.

क्लब म्हणजे खामगावातल्या एका बंद जिनिंगचं गोदाम. कपाशीची गंजी लागायची तिथे आता रिंग आहे आणि सरकीचा वास अजून गेलेला नाही. मी शाळेत पी.टी. शिकवतो आणि क्लबाचा सेक्रेटरी आहे, म्हणजे झाडू मारण्यापासून पत्रव्यवहारापर्यंत सगळं माझ्याकडे. शिकवायचे यूसुफभाई. फौजेतून रिटायर झालेले, फौजेच्या टीमकडून खेळलेले. पोरं त्यांना उस्ताद म्हणत आणि ते मला मास्तर म्हणत.

आणि आमच्या दोघांचा जीव जिच्यात अडकला होता ती कल्पना. वरवट बकाल गावची, एकोणीस वर्षांची, एक्कावन्न किलो गटातली. तिचा डावा ठोसा समोरच्या पोरीला लागल्यानंतरच दिसायचा. राज्यात पहिली आली असती तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीचा रस्ता उघडत होता, आणि ती पहिली येणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

तेवढ्यात ते पत्र आलं. राज्य स्पर्धा बुलढाण्याला, आणि या वेळी खेळाडूंची लघवी तपासणार. बंदी असलेलं औषध सापडलं तर काही वर्षं घरी बसा! सोबत बंदीच्या औषधांची लिस्ट होती, बारीक इंग्रजीत, पानंच्या पानं. उस्तादांनी ती सरळ धरून पाहिली, आडवी धरून पाहिली आणि मला परत दिली.

"मास्तर, इसमें से अपने पोट्टे क्या क्या खाते?"

"काही कळत नाही, उस्ताद."

"तो फिर सब बंद!"

*

सब म्हणजे खरोखर सब. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने यादी लागली. सर्दीची गोळी बंद, खोकल्याचं औषध बंद, बाम बंद, चूर्ण बंद. उस्तादांच्या स्वतःच्या गुडघ्याला बाम लागायचा, तर ते आधी साबणाने दोनदा हात धुवायचे आणि मगच पोरांचे ग्लोव्हज बांधायचे. एका पोराने भीत भीत विचारलं, "उस्ताद, हळदीचं दूध?"

उस्तादांनी बराच विचार केला. "हळद पिवळी, तुमची लघवी पिवळी होईन. टेस्टवाल्याले शक कायले द्यायचा? बंद!"

मग एका पोराच्या घरची सत्यनारायणाची पूजा निघाली आणि तो डबाभर प्रसाद घेऊन आला. आता आली का पंचाईत! उस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, ये तुमचं खातं आहे. प्रसादात काय काय घालते?"

"रवा, साखर, तूप, दूध, केळं."

"लिस्ट पाहा."

आणि मी पाहिली हो! शाळेत शिकवणारा माणूस, त्या इंग्रजी लिस्टमध्ये मी बोट फिरवत रवा शोधला. नव्हता. तरी उस्तादांचं समाधान होईना. त्यांनी स्वतः एक चमचा खाल्ला, अर्धा तास खुर्चीवर बसले, स्वतःची नाडी पाहिली आणि मग जाहीर केलं, "प्रसाद पास!"

*

शेवटी लिस्ट वाचून घ्यायचं ठरलं. मेडिकलवाला म्हणाला, "ही आतली नावं आहेत हो सर. गोळीवरचं नाव सांगा, मग सांगतो." आमच्या भागात औषधांची आतली नावं ज्याला तोंडपाठ असतात तो माणूस मेडिकलात नाही, कृषी केंद्रात बसतो. आम्ही मुरलीसेठकडे गेलो.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा याच काउंटरवरून मुरलीसेठ सगळ्यांना सांगायचे, आता फवारणी विसरा. काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या. त्या वर्षी मात्र बोंडात गुलाबी अळी, पानावर पांढरी माशी, आणि माणसं डब्याडब्यांनी औषध नेत होती. त्या गर्दीत मुरलीसेठने चष्मा लावला आणि आमची लिस्ट घडघडा वाचली. एक नाव अडलं नाही! उस्तादांनी तर आदराने टोपी नीट केली.

वाचता वाचता सेठची जुनी सवय जागी झाली. "हे नाही आपल्यापाशी. हेबी नाही. याचा रिझल्ट कसा आहे?"

"सेठ, हा बंदीवाला माल आहे," उस्ताद म्हणाले.

"बंदी आली काय?" सेठने चष्मा काढला. "मंग टेन्शन कायचं? बंदी आलेला माल आठ दिवसात दुसऱ्या नावानं येते. नंबर लिहून ठेवा, आला की फोन करतो."

निघताना मात्र त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "हे पाहा, स्ट्रिक्नीन. हे कुचल्याच्या बीत असते. जुने पहिलवान कुचला शुद्ध करून तुपात खात, त्याच्यात." उस्तादांचा चेहरा उतरला. का ते पुढे सांगतो.

*

त्याआधी गजा. गजा साठ किलोत खेळायचा आणि त्याचं वजन कायम बासष्ट. कमी करायला तो खताची प्लास्टिकची पोती अंगाला गुंडाळून भर उन्हात पळायचा. खामगावचं ऑक्टोबरचं ऊन! लोक रस्त्यात थांबून पाहायचे.

एक दिवस दोरीवरच्या उड्या मारताना गजा सात वेळा बाहेर गेला. आठव्या वेळी उस्तादांनी त्याला दारात धरलं. कबुली निघाली. त्याच्या आजोबांना ब्लड प्रेशरसाठी पाण्याची गोळी होती, लघवी जास्त होणारी. त्यातली एक याने गिळली होती. ही गोळी लिस्टमध्ये आहे हे तोपर्यंत मुरलीसेठने आम्हाला सांगितलं होतं. उस्ताद एवढे भडकले की मराठी, हिंदी, उर्दू सगळं एकदम निघालं.

गजाला काही म्हणजे काही कळेना. "उस्ताद, काऊन रागावता? डोपिंग म्हणजे ताकदीची गोळी ना? ही गोळी आजोबाची हाये. ताकद असती तिच्यात तर आजोबा खाटेवरून उठला नसता का?"

उस्ताद रिंगच्या दोरीला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, ये सवाल तो मेरा भी है."

*

आता सुखदेवकाका. कल्पनाचे वडील. तरुणपणी कुस्त्या मारलेला माणूस, बोलणं कमी. पोळ्याच्या दिवशी बैलाने ढकललं आणि उजवा हात मोडला, तेव्हापासून हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. एरवी कधी न येणारे काका त्या महिन्यात तीन वेळा क्लबात आले आणि तिन्ही वेळा मला एकच विचारलं.

"सर, त्या तपासणीत आंगातलं सारं सापडते का?"

"सारं सापडते काका."

"थोडकंसं असन तरी?"

"थोडकंसं असलं तरी. फार भारी मशीन असते ती."

काका मान हलवायचे आणि प्लास्टरवरून हात फिरवत बसायचे. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मंग लवकर काऊन नाई करत हे लोक?"

उस्तादांनी हे ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात कुचला घट्ट बसला. जुना पहिलवान, पोरीला तुपातून कुचला देत असणार, आणि आता घाबरला! नाहीतर तपासणीची एवढी चौकशी कोण करतं? मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी कल्पनाचा डबा सगळ्यांसमोर उघडला. दोन भाकरी, ठेचा, कांदा.

"सच बोल, बाप क्या खिलाता घर पे?"

"शिव्या," कल्पना म्हणाली.

पोरं हसली, उस्तादही हसले, पण शंका गेली नाही. कारण त्या आठवड्यात पोरगी काहीतरी वेगळीच दिसत होती. डोळे लाल, ठोसा उशिरा येतोय, मध्येच बसतेय. एकदा तिने माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागितली. मी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी फळ्याकडे पाहिलं.

"गोळी चालत नाही बेटा. चाय पी."

तिने मुकाट्याने चहा घेतला. साधी डोकेदुखीची गोळी चालते हे आम्हाला कितीतरी नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की एका गोळीपायी पोरीची वर्दी जाईल. भीतीच तशी होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी उस्तादांनी सगळ्यांना रिंगमध्ये उभं केलं. "फॉर्म भरावा लागते. मागच्या सात दिवसांत जे जे पोटात गेलं, नाकात गेलं, आंगाले लागलं, सारं लिहायचं. लपवलं तर मेले. बोला, समजलं?"

"समजलं, उस्ताद!"

एकीला मात्र जरा जास्तच समजलं होतं.

*

घाट चढून एस.टी.ने बुलढाण्याला पोचलो. गजा पहिल्याच मॅचमध्ये हरला आणि तपासणीच्या चिठ्ठीत नेमकं त्याचंच नाव निघालं!

"हरल्यावर कायची तपासणी?" गजा विचारत होता.

नियम असा की लघवी करताना तपासणीवाल्याने समोर उभं राहून पाहायचं. तो तपासणीवाला पुण्याकडचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. फरशीच्या बाथरूममध्ये गजा उभा आणि हा माणूस हाताची घडी घालून बघतोय. दोन तास झाले, आठ बाटल्या पाणी झालं, एक थेंब नाही. गजा मला हाक मारून रडकुंडीला आला.

"सर, ह्यो माणूस पाहून राह्यला म्हणून नाई. बंद खोलीतच मले होत नाई. वावरात कसं, चार जण रांगेनं उभे राह्यतो, गप्पा मारतो, होऊन जाते."

तपासणीवाला वैतागला होता, त्यालाही बस पकडायची होती. नियमात छपराचं कुठे लिहिलेलं नाही हे त्याने स्वतःच दोनदा वाचून पाहिलं. मग हॉलच्या मागे, तुरीच्या शेताच्या कडेला गजा, त्याच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला सील फोडलेलं भांडं सांभाळत तपासणीवाला. गजाने त्याला विचारलं, "साहेब, तुमच्याकडं यंदा पाऊस कसा हाये?" तो म्हणाला, "बरा आहे." आणि भांडं भरलं!

पुढे त्या माणसाने मला हळूच विचारलं, "हे सगळे असेच आहेत का?" मी म्हटलं, "नाही, हा जरा लाजरा आहे."

*

कल्पना जिंकली. फायनलला दुसऱ्या राउंडमध्ये तो डावा ठोसा आला आणि समोरची पोरगी मॅटवर बसली. उस्ताद रडत होते आणि रडत नाही असं सगळ्यांना सांगत होते. जिंकणाऱ्यांची तपासणी ठरलेलीच, त्यामुळे नमुना तपासणीवाल्या बाईंनी घेतला आणि फॉर्म भरायला समोर डॉक्टर. क्लबाचा माणूस म्हणून मी शेजारी.

मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं, या रकान्यासमोर कल्पनाने लिहायला घेतलं. लिहितच राहिली. रकाना संपला, तिने कागद उलटा केला. डॉक्टरांनी कागद ओढून घेतला. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अॅसिफेट, इमिडाक्लोप्रिड, मराठीत, ठळक अक्षरात, पुढे किती ढक्कन तेसुद्धा. एकूण सात नावं, सगळी मुरलीसेठच्या काउंटरवरची!

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हे... तू घेतलंस?"

"घेतलं नाई सर, पऱ्हाटीवर मारलं. पंप पाठीवर होता. वाऱ्यानं नाकातोंडात जाते, आंगावर गळते. उस्ताद म्हणे, आंगाले लागलं ते सारं लिही."

"तोंडाला काय बांधलं होतंस?"

"ओढणी."

डॉक्टर ती नावं पुन्हा वरपासून वाचू लागले. कल्पनाचा चेहरा पांढरा पडला. वर्दी गेली, असंच मला वाटलं.

"सर, यातलं बंदीचं हाये का काही?" तिने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "यातलं एकही आमच्या लिस्टमध्ये नाही."

कल्पनाने असा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले! मीही सोडला. बाहेर उस्तादांनी ऐकलं आणि हात वर करून अल्लाचे आभार मानले. सगळे हसत होतो. डॉक्टर तेवढे हसत नव्हते. त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून माझ्या हातात दिलं. "हिला दवाखान्यात दाखवा. हे वेगळं तपासावं लागतं. ते आमच्याकडे होत नाही." मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. मग हार, फोटो, घाट उतरताना एस.टी.त पोरांची गाणी. तो शर्ट दुसऱ्या दिवशी धुण्यात गेला. चिठ्ठी मला कधी आठवली तेही सांगतो.

*

काही आठवड्यांनी पत्र आलं. गजाची ती गोळी तोवर अंगातून गेलेली, तोही सुटला होता. कल्पनाच्या नमुन्यात प्रतिबंधित पदार्थ आढळला नाही. मी त्याला प्लास्टिक लावून घेतलं आणि सुखदेवकाकांना निरोप धाडला. काका त्याच दुपारी आले. प्लास्टर निघालं होतं, हात अजून वाळका होता. त्यांनी पत्र दोन्ही हातांनी धरलं, मला तीनदा वाचायला लावलं.

"म्हणजे आंगात काहीच नाई निघालं?"

"काहीच नाही काका!"

"थोडकंसंबी नाई?"

"अजिबात नाही!"

मी एवढा खुशीत होतो. काका खाली बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले. एवढा थोराड माणूस, हमसून रडत होता. मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला.

"जिवाले घोर होता सर. माहा हात असा, म्हणून सारी फवारणी पोरीनंच केली. तीन दिवस नुसती ओकून राह्यली होती. डोळ्यानं दिसे नाई म्हणे. दवाखान्यात चाल म्हटलं तर म्हणे, उस्तादानं सांगतलं, गोळी चालत नाई. म्हटलं, जाऊ दे, ते मशीनवाले तपासतीलच. सारं सापडते म्हणे त्याच्यात."

आत गोदामात पोरं दोरीवर उड्या मारत होती. उस्ताद आकडे मोजत होते. काकांनी पत्र घडी न घालता, जपून, सदऱ्याच्या आत छातीशी ठेवलं आणि जायला उठले.

"पुढच्या सालीबी पंप मीच घेतो म्हणते पोट्टी. मले भेव वाटे. पण आता म्हटलं, घे मंग बाई. कागद हाये ना आपल्यापाशी."

डॉक्टरांची चिठ्ठी आठवली आणि माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. पेढा तोंडातच होता.

"काका," मी म्हटलं, "जरा बसा."